नदीकाठची जंगलवाट झाडोऱ्यात बुजली असेल तर ती कशी शोधावी, आणि तिथे जाणे सुरक्षित आहे का?

आपला प्रश्न पावसाळ्यानंतरच्या सह्याद्रीबद्दल आहे असे धरून उत्तर देतो, कारण माझी पायपीट तिथलीच आहे. उदाहरणासाठी उल्हास नदीची दरी घेऊ. खंडाळ्याजवळच्या कुणे गावाकडून दरीत उतरून, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याने कोंढाणे लेण्यांच्या बाजूला आणि पुढे कोंदिवड्याकडे निघता येते. राजमाचीवर बाराही महिने माणसांचा राबता असतो. खालच्या दरीत मात्र फारसे कोणी उतरत नाही, त्यामुळे पाऊस सरताना वाट जवळजवळ दिसेनाशी झालेली असते.

पहिली गोष्ट अशी की, नदी म्हणजे वाट नव्हे. चुकलेला माणूस सहसा पाण्याच्या सोबतीने खाली उतरत राहतो, कारण पाणी कधीतरी गावाला पोहोचणारच असे त्याला वाटते. परंतु आपल्या नद्या घाटात कातळावरून उड्या घेत उतरतात, आणि एक टप्पा घसरत उतरल्यावर पुढे धबधब्याचा माथा आला, तर मागे चढणेही अशक्य होऊन बसते. जुन्या वाटा काढणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच खरी वाट बहुधा नदीच्या बरीच वर, डोंगराच्या झाडीभरल्या पदरातून (उतारावरच्या सपाट पट्टीतून) आडवी जाते आणि ओलांडायला सोपी जागा असेल तिथेच पाण्याला टेकते. वाट हरवली की शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत परत यावे आणि तिथून शोध घ्यावा; खाली मुळीच उतरू नये.

ढोरवाट आणि माणसाची वाट यांतला फरक ओळखायचा असेल, तर पायांकडे न बघता छातीच्या उंचीला बघावे. गुरांच्या वाटेवर जमीन मोकळी असते, पण फांद्या तोंडावर येतात. माणसाच्या वाटेवर, ती कितीही जुनी असो, कोयत्याने छाटलेल्या फांद्यांची खोडे, उताराला लावलेले दगड किंवा एखादी खोदीव पायरी सापडते. कारवीच्या रानात हे काम विशेष अवघड असते. कारवी साधारण सात वर्षांनी एकदम फुलते आणि मग मरते, तेव्हा तिचे वाळलेले दांडे एकमेकांवर आडवे पडून वाट पूर्ण बंद करतात. अशा वर्षी तो भाग टाळावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

घाणेरी आणि रानमोडी ही झुडपे फक्त ओरबाडतात किंवा अडवतात. खाजकुइलीच्या शेंगांची लव अंगाला लागली तर मात्र चालणे नकोसे होते. म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा आणि जाड विजार हवीच. ओढ्याकाठच्या झुडपांत हिरवा चापडा हा विषारी साप फांदीवर निश्चल बसलेला असतो, त्यामुळे आधारासाठी फांदी धरण्यापूर्वी ती नीट पाहावी. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशावरील लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर आहे, चापड्याच्या विषावर नाही. तरीही दंश कोणताही असो, रुग्णाला कमीत कमी हलवून रुग्णालयात न्यावे. कड्यांवर आग्या मोहोळे असतील तर धूर, अत्तर आणि आरडाओरडा पूर्ण वर्ज्य करावा.

पाण्याबद्दल एवढेच सांगतो की गुडघ्याच्या वर वेगाने वाहणारे पाणी ओलांडू नये, आणि आपल्या डोक्यावर ऊन असले तरी घाटमाथ्यावर ढग दिसत असतील तर पात्रात थांबू नये. धरणाच्या खालच्या नद्यांवर याहून अधिक सावध राहावे. उदाहरणार्थ, कोलाडजवळ कुंडलिकेचे पाणी भिऱ्याच्या वीजनिर्मितीमुळे पाऊस नसतानाही वाढते.

पहिल्यांदा जाताना पायथ्याच्या गावातील माहीतगार माणूस योग्य मोबदला देऊन सोबत घ्यावा, आणि वाट अभयारण्यातून जात असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढावी. झाडांवर रंगाचे बाण मारू नयेत. दगडांची लहानशी लगोर पुरते.

परतल्यावर अंग नीट तपासून गोचिडी काढाव्यात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, विशेषतः अंगावर काळी खपली दिसली, तर आपण झाडोऱ्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. स्क्रब टायफसची (गोचिडीने नव्हे, तर झाडोऱ्यातल्या अगदी बारीक किड्यांच्या चाव्याने होणाऱ्या तापाची) शंका वेळेत आली तर त्यावर प्रभावी औषध उपलब्ध आहे.