लोअर आर्मचा बोल्ट नुसताच फिरतोय, गॅरेजवाला जागेवर वेल्ड करू म्हणतो. सबफ्रेम बदलावी का?

सबफ्रेमचं, म्हणजे चाक धरणारा लोअर आर्म ज्या खालच्या सांगाड्याला बसतो त्याचं, नंतर बोलू. आधी एक गोष्ट: तो बोल्ट वेल्ड करू देऊ नका. बुश, म्हणजे आर्मच्या टोकातली रबर लावलेली नळी, आज ना उद्या बदलावा लागणारच, तेव्हा तो बोल्ट कापून काढावा लागेल. शिवाय १०.९ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे ताकदीचा आकडा) बोल्ट उष्णताप्रक्रिया करून कणखर केलेला असतो, वेल्डिंगच्या आचेने त्याचा गुण तिथल्या तिथे जातो. शेजारचं रबर करपतं ते वेगळंच.

मी डिचोलीचा, आयटीआय फिटर. २०१२ला खाणी बंद पडेपर्यंत खाणीवरच्या वर्कशॉपात होतो. डंपरचा चाकाचा नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराला आवळणाऱ्या पान्याने) आवळून त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, अशी तिथली शिस्त. माझा थोरला भाऊ याला कायम ‘खाणीवरचं शहाणपण’ म्हणत आला. त्याच्या मते हाताला घट्ट लागलं की घट्ट.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) चार दिवस आधी माझ्या गाडीचे लोअर आर्मचे बुश बदलायचे होते. मी कामावर अडकलेलो, म्हणून दादाच गाडी त्याच्या ओळखीच्या गॅरेजात घेऊन गेला. संध्याकाळी गाडी परत आली. मी विचारलं, बोल्ट जुनेच घातले ना? तर म्हणाला, एकाचे आटे गंजले होते, पोराने हार्डवेअरमधून तसलाच नवा आणला. मी म्हटलं, जरा खाली शिरून बघतो. त्यावर दादा म्हणाला, “कांय जावचें ना.” म्हणजे काही होणार नाही. सणाची घाई होती, मीही बघितलं नाही.

माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान घेऊन साखळीहून परत येताना कारापूरजवळ ब्रेक दाबला आणि खालून खट्ट असा आवाज आला. गाडी डावीकडे ओढली गेली. मागच्या सीटवर आई होती, तिच्या मांडीवर सुपाऱ्यांचा घोस आणि नारळ. मी गाडी कडेला घेतली, मोबाईलचा उजेड पाडून खाली वाकलो. बोल्ट निम्म्याहून जास्त बाहेर आला होता. दोन बोटांनी फिरवला तर हातात आला. त्याच्या खाचांतून सबफ्रेमच्या नटाचे आटे बारीक चकचकीत तारेसारखे गुंडाळून आले होते. तो बोल्ट मी फडक्यात गुंडाळून ठेवला, अजून माझ्याकडे आहे.

घरी आल्यावर जुना बोल्ट आणि हा नवा शेजारी धरले. दोन्ही १२ मिमीचेच. पण आट्यांत आटे बसवून उजेडाकडे धरलं तर मधून फटी दिसत होत्या. जुन्याची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी, नव्याची १.७५. हार्डवेअरच्या दुकानात १२ मिमीचा बोल्ट मागितला की बहुतेक वेळा १.७५चाच हातात पडतो. जुन्याच्या डोक्यावर १०.९ कोरलेलं, नव्यावर ८.८. असा बोल्ट हाताने एक-दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे थांबायचं सोडून त्या पोराने इम्पॅक्ट गन (बोल्ट जोरात फिरवणारं यंत्र) लावली. गनने आटे कापत तो आत गेला आणि रुतून बसला, म्हणून हाताला घट्ट लागला. बुश कधी आवळलाच गेला नव्हता.

आता तुमच्या बोल्टाविषयी. तो फिरवताना डोक्याखाली स्क्रू ड्रायव्हर घालून बाहेर रेटा द्या. हळूहळू बाहेर आला तर आटे गेलेत. फिरतो पण तसूभरही पुढे येत नाही, तर बहुधा आतल्या नटाचाच टाका सुटलाय. मग सबफ्रेमच्या पोकळ भागाला खिडकी कापून नवा नट वेल्ड करावा लागतो. ते वेल्डिंग योग्य, कारण तिथे नट वेल्ड होतो, बोल्ट नाही.

आटे गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे भोक मोठं करून त्यात बसवायची नव्या आट्यांची तारेची गुंडाळी. मी तेच केलं. १२ बाय १.२५चं किट बेळगावहून मागवलं. आर्म उतरवला. ड्रिल आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) दोन्ही भोकाच्या रेषेत सरळ धरून घातले, तिरपे जाऊ दिले नाहीत. टॅप मारताना अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, वर तेल. हेलिकॉइल तोंडापासून एक आटा आत ठेवली आणि शेपूट तोडली. मग कंपनीचा नवा बोल्ट, सुरुवातीचे पाच-सहा फेरे फक्त बोटांनी. गाडी चाकांवर उभी करून, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळला. जॅकवर चाक लोंबकळत असताना आवळला तर रबर पिळलेल्या स्थितीतच बसतं आणि लवकर फाटतं. वर पांढरी रेघ मारली. त्यानंतर सात पावसाळे झाले, रेघ केसभरही हललेली नाही. दादाला दर चवथीला दाखवतो. तो बघतो आणि विषय बदलतो. पण दादा, तू हे वाचत असशील तर खरंच ऐक: आई त्या गाडीत होती, आणि आपण घाटात नव्हतो एवढ्यावरच निभावलं. गन बोल्ट काढायला वापर. घालताना आधी बोटं, मग पाना, शेवटी टॉर्क रेंच.

कोणी ‘दोन सूत मोठा बोल्ट टाका’ म्हणालं तर तेही नको. बुशच्या आतल्या नळीत तो जाणार नाही, मग नळी मोठी करतील आणि सगळा ताळमेळ जाईल.

आणखी दोन-तीन गोष्टी. हे सगळं सबफ्रेममध्ये बसवलेल्या नटाविषयी आहे. शॉकअब आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) यांमधल्या आरपार बोल्टाचे आटे गेले तर दुरुस्ती करत बसू नका, बोल्ट-नट दोन्ही नवे घाला. आट्यांना तेल लावलं तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून पुस्तिकेत कोरडे म्हटलं असेल तर कोरडेच ठेवा. काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या. आणि सबफ्रेम: नटाभोवतीचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. आमच्याकडे किनाऱ्यालगतच्या आणि रोज फेरीबोटीच्या धक्क्यावर खाऱ्या पाण्यातून जाणाऱ्या गाड्यांत तो आतून खाल्लेला असतो. टोक आत घुसलं तर हेलिकॉइल धरणार कशाला? तेव्हा सबफ्रेमच बदला. आणि नट वेल्ड करायचा ठरला तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा.