वाचक विचारतात : गांजाच्या वाणांच्या वंशावळी

गेल्या अंकात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असणाऱ्या वनस्पतींची नावं देताना मी पपईच्या शेजारी भांगेचं झाडही लिहिलं होतं. एवढंच. पण या महिन्याची निम्मी पत्रं त्या एका शब्दावर आली आहेत. तिघांनी बी कुठे मिळेल असं विचारलं आहे. त्यांना लांबूनच नमस्कार. बाकीच्यांचे प्रश्न मात्र चांगले आहेत, म्हणून सगळं सदर त्यांनाच देते.

प्रश्न : बाई, परदेशी लेखांत बुटकं, रुंद पातींचं झाड म्हणजे 'इंडिका' आणि उंच, चिंचोळ्या पातींचं म्हणजे 'सॅटायव्हा' असं लिहितात. मग भारतातलं झाड उंच आणि चिंचोळ्या पातींचं कसं?

उत्तर : हाच प्रश्न वीसेक वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीनं मला भर वर्गात विचारला होता, आणि "पुस्तकात आहे तसं लिही" म्हणून मी तिला खाली बसवलं होतं. बरोबर ती होती.

वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीअसनं १७५३ मध्ये 'कॅनाबिस सॅटायव्हा' हे नाव दिलं ते युरोपात दोरखंडासाठी पेरल्या जाणाऱ्या झाडाला. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कच्या हाती भारतातून गेलेले नमुने लागले आणि १७८५ मध्ये त्यानं 'कॅनाबिस इंडिका' वेगळी काढली. त्याचं वर्णन काय? खोड कडक, साल इतकी पातळ की धागा निघायचा नाही, पाती चिंचोळ्या, वास उग्र. म्हणजे आपलंच झाड. पुढे १९७०च्या दशकात अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड शुल्टिस अफगाणिस्तानात गेले. तिथली ठेंगणी, दाट, रुंद पातींची झाडं त्यांनी इंडिका म्हणून नोंदवली. बियाणं विकणाऱ्यांनी तेच चित्र उचललं आणि गोंधळ कायमचा झाला : लामार्कची भारतीय इंडिका बाजारात 'सॅटायव्हा' ठरली आणि अफगाण झाड 'इंडिका' होऊन बसलं.

निवृत्तीच्या आधी कॉलेजचा वनस्पतिसंग्रह आवरताना एक जुना नमुना माझ्या हाती आला. सुकवलेली फांदी, कोपऱ्यात शाईनं 'इंडिका, मादी'. पाती करंगळीपेक्षाही बारीक. भिंग लावलं तर फुलांभोवतीच्या लवेवर राळेच्या ग्रंथी अजून जागच्या जागी होत्या, टाचणीसारख्या : बारीक देठ, वर गोल डोकं. वास पार गेला होता. त्या मुलीचा पत्ता माझ्याकडे असता तर त्याच दिवशी पत्र टाकलं असतं.

प्रश्न : बिनबियांचा गांजा पिकवण्याचं तंत्र कॅलिफोर्नियात १९७०च्या दशकात शोधलं गेलं, असं वाचलं. खरं का?

उत्तर : नाव तिकडचं. 'सिन्सेमिया' म्हणजे स्पॅनिशमध्ये 'बी नसलेला', आणि मेक्सिकोतून तो शब्द कॅलिफोर्नियात रुजला. तंत्र मात्र फार जुनं आहे, आणि त्याची लेखी नोंदही आहे. ब्रिटिश सरकारनं १८९३-९४ मध्ये नेमलेल्या भारतीय भांग-गांजा आयोगानं सुमारे बाराशे साक्षी घेतल्या. त्याच्या अहवालात बंगालमधल्या राजशाही जिल्ह्यातल्या नौगाव भागाचं वर्णन आहे. सरकारी परवान्यानं गांजा पिकवणारा तो मुलूख, 'गांजा महाल'. तिथे पिकाला फुलोरा धरू लागला की शेतकरी एका माणसाला बोलावत. त्याला 'पोद्दार' किंवा 'परखदार' म्हणत. इंग्रज त्याला चक्क 'गांजा डॉक्टर' लिहीत. तो सरीसरीनं फिरायचा आणि नर झाडं हेरून काढून टाकायचा.

हे काम सोपं नाही. अगदी सुरुवातीला नर आणि मादी झाड सारखंच दिसतं. फरक दिसतो तो पेऱ्यावर, पानाच्या बगलेत : नराला लोंबणाऱ्या गोल कळ्या, मादीला टोकदार आवरणातून डोकावणारे दोन पांढरे तंतू. कळी फुटायच्या आत ओळखायला हवं. एक नर जरी फुलला तरी त्याचे पराग वाऱ्यावर जातात, शेतातल्या माद्या बी धरतात आणि राळ कमी पडते. पराग मिळाला नाही तर मादी नवी फुलं काढत राहते आणि शेंडा राळेनं जड होतो. परखदाराचं सगळं कसब एवढ्यासाठी. पुढे ते शेंडे पायाखाली तुडवून 'चपटा' गांजा करायचे, हातापायानं वळून 'गोल' करायचे, आणि मोडतोड उरे ती 'चूर'. मुंबई इलाख्यात हे पीक अहमदनगरकडे होतं, त्याचीही दखल त्या अहवालात आहे. त्या परखदारांपैकी एकाच्याही नावानं कुठला वाण ओळखला जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

जाता जाता एक गंमत. जुन्या इंग्रज शेतकऱ्यांनी नर-मादी नेमकी उलटी धरली होती. बी देणारं दणकट झाड त्यांना पुरुषी वाटे, म्हणून 'कार्ल', म्हणजे गडी. आणि लवकर वाळणारं नाजूक नर झाड 'फिंबल', म्हणजे बाईमाणूस. परखदाराला ही चूक परवडली नसती.

प्रश्न : भांग आणि गांजा एकच झाड का?

उत्तर : एकच. पानं ती भांग, मादीचे फुललेले शेंडे तो गांजा, राळ तो चरस. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थांवरच्या १९६१च्या करारात 'कॅनाबिस'ची व्याख्या शेंड्यांची आहे. शेंड्यांशिवायची पानं आणि बी तीतून वगळली आहेत. भांग त्या फटीतून निसटली.

प्रश्न : स्कंक, हेझ, नॉर्दर्न लाइट्स ही नावं कुठून आली? हे खरे वाण आहेत की नुसती दुकानदारी?

उत्तर : दोन्ही. आधीची नावं मुलखांची होती : अकापुल्को गोल्ड, पनामा रेड, डर्बन पॉयझन. माल जिथून येई त्याचं नाव. थाय स्टिक म्हणजे तर बांबूच्या काडीला बांधलेले शेंडे. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांबरोबर ते अमेरिकेत पोचले. या मालात बिया असत आणि लोक त्या जपून ठेवत. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या मदतीनं मेक्सिकोत गांजाच्या शेतांवर पॅराक्वाट हे तणनाशक फवारलं गेलं. धूर ओढणारं गिऱ्हाईक हादरलं. घराच्या मागे लावणाऱ्यांची संख्या वाढायला हे एक मोठंच कारण झालं.

पण उष्ण मुलखातलं झाड उत्तरेत फुलायला फार वेळ लावतं. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझचा हेझ घ्या. कोलंबिया, मेक्सिको, थायलंड आणि दक्षिण भारत यांच्या बियांतून तो आला असं सांगतात. फुलोरा सुरू झाल्यापासून तयार व्हायला चौदा आठवडे किंवा जास्तच. तोवर थंडी पडते आणि पीक सडतं. अफगाण झाड उलट झटपट पिकतं, ठेंगणं राहतं. या दोघांची सोयरीक जुळवणं हाच सगळ्या 'क्लासिक' वाणांचा गाभा आहे. स्कंक नंबर वन हे त्यातलं सगळ्यात यशस्वी लग्न : अफगाण, अकापुल्को गोल्ड आणि कोलंबियन. आठ-नऊ आठवड्यांत तयार, आणि पेरलं की बरीचशी एकसारखी झाडं. पैदासकार ज्याला वाण म्हणतो त्या अर्थानं मी यालाच वाण म्हणेन. याउलट पुढच्या काळातला गाजलेला ओजी कुश हा मुळात एका झाडाच्या फांद्या लावून लावून वाढवलेला गोतावळा.

स्कंकचं बी कॅलिफोर्नियातले पैदासकार डेव्हिड वॉटसन यांनी १९८०च्या दशकात नेदरलँड्सला नेलं. तिथल्या कायद्यात १९७६ मध्ये गांजाला कडक मादक पदार्थांपासून वेगळं काढलं होतं, त्यामुळे पैदाशीला सवलतीची हवा मिळाली. नेव्हिल शूनमेकर्स यांनी टपालानं बी विकायला सुरुवात केली, जाहिराती अमेरिकन मासिकात. सिएटलकडून मिळवलेला नॉर्दर्न लाइट्स त्यांनीच जगभर पोचवला. अमेरिकी पोलिसांनी १९८९ मध्ये बी-विक्रेत्यांवर मोहीम उघडली, तीत तेही सापडले. १९८८ मध्ये ॲमस्टरडॅमला पहिली 'कॅनाबिस कप' स्पर्धा झाली. बक्षीस स्कंक नंबर वनला.

आणि स्कंकचा तो दुर्गंध? स्कंक म्हणजे घाण वासाचा फवारा मारणारा एक अमेरिकन प्राणी; या वाणाचा वासही तसाच. वर्षानुवर्षं तो टर्पीन नावाच्या तेलांचा मानला जाई. २०२१ मध्ये दाखवलं गेलं की खरा मान गंधकाच्या संयुगांचा आहे, अत्यल्प प्रमाणातही नाकात जाणाऱ्या. त्यातलं मुख्य संयुग उन्हात राहून बिघडलेल्या बिअरमध्येही असतं. प्राण्याच्या नावावरून वाणाला नाव दिलं, ते निदान नाकानं तरी बरोबर दिलं.

प्रश्न : जमैकात गांजाला 'गांजा'च का म्हणतात? तिथला 'लॅम्ब्स ब्रेड' हा शुद्ध वाण असतो का?

उत्तर : शब्द भारतीय मजुरांबरोबर गेला. १८४५ पासून करारावर जमैकात नेलेल्या मजुरांनी गांजा आणि चिलीम हे दोन्ही शब्द तिथे रुजवले. गांजाला पवित्र मानणारा तिथला रस्ताफारी पंथ त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी उभा राहिला.

शुद्धतेचं म्हणाल तर २०१५ मध्ये गांजाच्या ८१ आणि हेंपच्या (धाग्यासाठी किंवा बियांसाठी लावल्या जाणाऱ्या, नशा नसलेल्या झाडाच्या) ४३ नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली. 'शंभर टक्के सॅटायव्हा' म्हणून नोंदलेला लॅम्ब्स ब्रेड हा 'शंभर टक्के इंडिका' असलेल्या एका अफगाण नमुन्याशी जवळजवळ तंतोतंत जुळला. एकच नाव असलेले दोन नमुने कधीकधी एकमेकांपेक्षा परक्या नावाच्या नमुन्याला जवळचे निघाले. 'व्हाइट विडो' या गाजलेल्या वाणाच्या अंगात केरळचं रक्त आहे हे ऐकून एका वाचकाला अभिमान वाटला आहे. वाटू द्या, पण ती वंशावळ विक्रेत्यांनीच लिहिली आहे, आणि विडो नेमका कुणी काढला यावरही विक्रेत्यांतच भांडण आहे.

प्रश्न : पूर्वीचा गांजा सौम्य होता म्हणतात.

उत्तर : बऱ्याच अंशी हो. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, १९९५ मध्ये सरासरी ४ टक्के होतं, २०१४ मध्ये १२च्या आसपास. शिवाय त्याला आवर घालतं असं मानलं जाणारं सीबीडी हे झाडातलंच दुसरं द्रव्य घटत गेलं : १९९५ मध्ये टीएचसी त्याच्या १४ पट होतं, २०१४ मध्ये सुमारे ८० पट. 'आमच्या वेळी काही झालं नाही' असं सांगणाऱ्या काकांनी हे आकडे आधी वाचावेत.

प्रश्न : ज्या मुलखांतून हे वाण निघाले, तिथे जुनं झाड आज आहे का?

उत्तर : मोरोक्कोचं बघा. रिफच्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या लावलं जाणारं झाड लहानखुरं, काटक, कमी पाण्यावर येणारं. त्याच्या शेतात नर तसेच ठेवतात. त्यांचे पराग समुद्र ओलांडून स्पेनमधल्या मालागाच्या हवेत मोजले गेले आहेत, इतके ते उडतात. गेल्या वीसेक वर्षांत तिथे युरोपातून संकरित बी आलं. राळ कितीतरी जास्त, पण उन्हाळाभर पाणी मागणारं. त्यासाठी विहिरी खोल गेल्या. शेजारी संकरित पीक असेल तर जुन्या झाडाचं बी शुद्ध राहणं अवघड, कारण वाऱ्याला बांध नसतो. युरोपचं ते बी मुळात आशिया आणि मेक्सिकोच्या डोंगरांतूनच गेलेलं. रिफमधले शेतकरी आपल्या जुन्या झाडाला 'बेल्दिया' म्हणतात. म्हणजे गावठी.