आरव्हीतली गॅसची शेगडी काढून इंडक्शन बसवावं का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या आरव्हीतली, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरातली (ट्रॅव्हल ट्रेलर) प्रोपेन गॅसची शेगडी काढून तिथे इंडक्शन बसवावं का. कनेक्शन ३० अँपचं, छतावर ४०० वॅटचं सोलर, आणि सोबत लहान मुलगी असल्यामुळे आत गॅस जाळणं नको वाटतं. आम्हीही अमेरिकेत असाच ट्रेलर घेऊन फिरतो आणि रोजचा बराचसा स्वयंपाक इंडक्शनवर करतो. तरी सांगेन, इंडक्शन जरूर घ्या, पण शेगडी काढू नका.

हुकअप, म्हणजे ट्रेलरला बाहेरून वीज-पाणी जोडायची सोय, असलेल्या कॅम्पग्राउंडवर फारशी अडचण नाही. ३० अँप गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३६०० वॅट, अख्ख्या ट्रेलरला मिळून. एका भांड्याचं इंडक्शन पूर्ण आचेवर १८०० खातं, एसी साधारण १५००. त्यात पाण्याचा हीटर विजेवर असेल तर आणखी १४०० च्या आसपास, म्हणजे ब्रेकर पडणारच. स्वयंपाकाच्या वेळी हीटर गॅसवर टाका, आणि मायक्रोवेव्ह व इंडक्शन एकदम लावू नका.

खरा प्रश्न हुकअप नसताना येतो. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप नाहीतच. यलोस्टोन उद्यानात फिशिंग ब्रिज या एकाच कॅम्पग्राउंडला आहेत. अशा ठिकाणी सगळी भिस्त बॅटरीवर. १०० अँपअवरच्या लिथियम बॅटरीत जेमतेम सव्वा युनिट वीज मावते. चौघांचा वरण-भात, भाजी, पोळ्या आणि दोन वेळचा चहा धरला तर दिवसाला एक ते दीड युनिट सहज लागतं. उलट २० पौंडाच्या प्रोपेनच्या सिलिंडरमध्ये सुमारे १२५ युनिट ऊर्जा असते. शेगडीची निम्म्याहून जास्त आच भांड्याच्या कडेने वाया गेली, तरी पन्नासेक युनिट अन्नाला मिळते. तेवढ्यासाठी चाळीसच्या वर बॅटऱ्या लागतील! तुमचं ४०० वॅटचं सोलर ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात दिवसाला दीड-दोन युनिट देईल, पण ट्रेलर झाडाखाली लावलात की त्यातलं फारच थोडं उरतं. फ्रीज, पंखा, दिवे यांचा वाटाही त्यातलाच.

आणि नुसती साठवण पुरत नाही. १८०० वॅट १२ व्होल्टच्या बॅटरीतून ओढायचे म्हणजे इन्व्हर्टरमधली (बॅटरीच्या विजेची १२० व्होल्टची वीज करणाऱ्या यंत्रातली) घट धरून १६५-१७० अँप. १०० अँपअवरच्या बहुतेक लिथियम बॅटऱ्यांचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) सलग १०० अँपच देऊ देतो, म्हणून दोन बॅटऱ्या पॅरलल (शेजारी-शेजारी जोडून, म्हणजे भार वाटला जाईल अशा) हव्यातच. शिवाय किमान २००० वॅटचा, शक्यतो ३००० चा प्युअर साइन (घरच्या विजेसारखी गुळगुळीत वीज देणारा) इन्व्हर्टर. तो बॅटरीच्या अगदी जवळ बसवा, मधली केबल अंगठ्याएवढी जाड हवी आणि क्लास टी फ्यूज (मोठा करंट झटक्यात तोडणारा) बॅटरीच्या टोकाशीच हवा. या केबलमध्ये काटकसर करू नका. बारीक केबल तापते, आणि ट्रेलरच्या भिंती लाकूड आणि फोमच्या असतात.

आता भांडी. ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही. लोहचुंबक बुडाला घट्ट चिकटला तरच भांडं चालेल. खोलगट तवाही उपयोगाचा नाही, सपाट बिडाचा घ्या. त्याच्यावर पोळ्या आणि घावन सुरेख होतात. इंडक्शन घेताना सगळ्यात कमी आचेवर पाणी ठेवून बघा. स्वस्तातली बरीच मॉडेल्स कमी आच देत नाहीत, पूर्ण जोरात चालू-बंद होत राहतात. दूध तापवताना आणि रवा भाजताना हे फार त्रासाचं होतं, आणि बॅटरीवर तर प्रत्येक वेळी पूर्ण भार येतो. फुलका आणि भरताचं वांगं मात्र ज्योतीवरच. आमची शेगडी राहिली त्याचं हे एक मोठं कारण आहे.

मुलीबद्दलची तुमची काळजी अगदी रास्त आहे. बंद ट्रेलरमध्ये प्रोपेन जाळलं की नायट्रोजन डायऑक्साइड होतो, हवा अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइडही. शिवाय एक किलो गॅसमागे सुमारे १.६ लिटर पाणी वाफ होऊन आत येतं. थंडीत काचा पाझरतात, गाद्यांखाली ओल धरते. इंडक्शनवर स्वयंपाक केलात तर यातलं बरंचसं टळेल. पण शेगडी गेली म्हणून सिलिंडर जात नाही. तो खोली गरम करणाऱ्या फर्नेसला लागतो, पाण्याच्या हीटरला लागतो, बऱ्याच ट्रेलरमध्ये फ्रीजलाही लागतो. म्हणजे बाल्टिमोर शहरातल्या रस्त्याच्या बोगद्यांना टाळून मारायचा वळसाही तसाच राहणार, कारण १० पौंडांहून मोठ्या सिलिंडरला तिथे मनाई आहे. गॅसच्या अलार्मवर मुदतीची तारीख छापलेली असते, ती आजच बघा. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो म्हणून तो अलार्म जमिनीलगत लावलेला असतो. त्याच्यासमोर खेळणी, पिशव्या येऊ देऊ नका.

आमची व्यवस्था साधी आहे. शेगडीवर लाकडी फळी, फळीवर सुटं इंडक्शन, आणि प्रवासात ते कपाटात. शेगडी पूर्ण थंड असल्याशिवाय फळी ठेवायची नाही. एवढं करूनही तुम्हाला शेगडी काढायचीच असेल तर पाइपचं टोक आरव्हीच्या तंत्रज्ञाकडून प्लग लावून बंद करून घ्या आणि गळतीची चाचणी तुमच्यासमोर करायला लावा.

बॅटऱ्या किती अँपअवरच्या आहेत, आणि लेड-ॲसिड की लिथियम, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं कळवलंत तर इन्व्हर्टर किती वॅटचा पेलेल ते सांगता येईल.