डोंगराला दोन दिवस जास्त दे

नौपाडा, ठाणे

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा तलावपाळीच्या बाकावर बसून तू मोबाइलवर आईबाबांबरोबरच्या युरोप सहलीचा जो आराखडा दाखवलास, तो मी घरी येऊन पुन्हा शांतपणे वाचला. अकरा दिवस. पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, झुरिक, व्हेनिस, रोम. प्रत्येक गावाला दोन रात्री. ऐरोलीच्या ऑफिसातून रात्री थकून आल्यावर एकट्याने सगळं जुळवलंस, विमानांच्या वेळा, हॉटेलांचे दर, अगदी स्टेशनपासूनचं अंतरसुद्धा. मेहनत दिसते. तरी मला तो मोडून पुन्हा मांडावासा वाटतो. का, ते नीट सांगायचं तर फोनवर जमणार नाही, म्हणून पत्र.

आधी सांग, आईला विचारलंस का? मागच्या गुरुवारी जांभळी नाक्यावर भाजी घेताना ती भेटली होती. पिशवीतली मेथीची जुडी सावरत म्हणाली, "बाई, मला एकदा बर्फ हातात घेऊन बघायचाय. बाकी तो नेईल तिकडे जाऊ." तुझ्या यादीत पाच शहरं आहेत आणि बर्फ फक्त झुरिकहून एका दिवसाच्या सहलीत आहे. त्या एका तारखेला ढग आले तर?

मला ते ढग माहीत आहेत. पहिल्यांदा युरोपात गेले ती एका टूरबरोबर, तेरा दिवसांत सात देश. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख या उंच बर्फाळ खिंडीचा दिवस कितीतरी आधी ठरून गेलेला. आगगाडीने 3,454 मीटरवर चढलो, बाहेर पडलो, तर समोर नुसता पांढरा धूर. पाच हातांवरचा माणूस दिसेना. दोन तास थांबलो आणि उतरलो, कारण बस पुढच्या गावाला निघायची होती. 31 वर्षं मी फळ्यावर खडूने हिमनदी काढून शिकवली आणि तिच्या उशाशी उभी राहून ती न बघताच परत आले. परतीच्या विमानात मला रडू आलं होतं.

चार वर्षांनी आम्ही दोघंच गेलो. या वेळी त्याच डोंगरांखालच्या लाउटरब्रुनेनच्या दरीत पाच रात्री मुक्काम ठेवला. पहिले दोन दिवस ढगच. तिसऱ्या दिवशी पहाटे शिखरावरच्या कॅमेऱ्याचं चित्र पाहिलं, आभाळ लख्ख निळं. हे चित्र कुणालाही घरबसल्या दिसतं आणि तिकीट बरंच महाग असतं, म्हणून आधी चित्र आणि मग तिकीट हा क्रम तूही सोडू नकोस. वर गेलो तर अलेच हिमनदी समोर पसरलेली, सुमारे 20 किलोमीटर लांब, आल्प्समधली सगळ्यांत मोठी. दूरवर तिच्या अंगावर काळसर पट्टे दिसत होते. दोन हिमनद्या एकमेकींना मिळाल्या की त्यांच्या काठांवरचा दगडगोटा मधोमध येतो आणि पट्टा होऊन बर्फाबरोबर पुढे सरकत राहतो. मध्य हिमोढ. तुमच्या वर्गात मी तो तपकिरी खडूने काढायची, आठवतं? यांचा हात धरून मी तिथे किती वेळ उभी होते, मला सांगता येणार नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. शहर पावसातही बघता येतं, छत्री मिटून संग्रहालयात शिरलं की झालं. डोंगर ढगाआड गेला की त्या दिवसापुरता गेला. म्हणून रिकामे दिवस डोंगराच्या वाट्याला द्यायचे, शहराच्या नाही. आणि डोंगर आधी, शहर शेवटी, म्हणजे ढग हटायला वेळ लागलाच तर शहरातला एखादा दिवस काढून इकडे लावता येतो.

आता कुठला डोंगर? तू येऊरच्या पायथ्याशी वाढलास. जुलैत हिरवेगार कडे, त्यांवरून उड्या घेणारं पाणी, हे तुला नवं नाही. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याने आपल्याला कडे दिले, लेण्यांना दगड दिला. हिमनदी, चुनखडीचे सुळके, फियोर्ड (हिमनदीने कोरलेली, समुद्र आत शिरलेली दरी) हे मात्र त्याच्याकडे नाही. एवढा खर्च करून निघायचं तर जे आपल्या मातीत घडूच शकत नाही ते बघावं, असं मला मनापासून वाटतं.

लाउटरब्रुनेन त्यासाठीच सुचवते. नदी दरी कोरते तेव्हा ती इंग्रजी व्हीसारखी होते, हिमनदी खरवडते तेव्हा यूसारखी. तळ सपाट आणि दोन्ही बाजूंना सरळसोट भिंती. हा सपाट तळ बाबांच्या गुडघ्यांसाठीही फार सोयीचा. डांबरी वाटेने हळूहळू चालत राहायचं, चढ नाहीच म्हटलं तरी चालेल, आणि डोक्यावर धबधबे. गावाला लागूनच श्टाउबबाख आहे, त्याचं पाणी जवळजवळ 300 मीटरवरून पडतं. पडतं म्हणजे काय, निम्म्या वाटेत वारा त्याला पकडतो आणि त्याची भुकटी करतो. नावाचा अर्थच धुळीचा ओढा. मी चष्मा पुसून वर बघायची आणि पुन्हा काच ओली व्हायची. पुढे ट्र्युमेलबाख आहे, तिथे डोंगराच्या पोटात दहा धबधबे आहेत आणि भर मोसमात सेकंदाला 20,000 लिटरपर्यंत पाणी धडधडत जातं. तिथल्या पायऱ्या ओल्या असतात, बाबांना पहिल्या टप्प्यावरच बसव.

बाबांना बीपी आहे, तेव्हा युंगफ्राउयोखबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नकोस. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो. डॉक्टर नको म्हणाले तर क्लायनं शायडेगपर्यंत जा. तिथेही आगगाडी जाते, उंची 2,061 मीटर, आणि आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही तिन्ही शिखरं अगदी समोर. जूनच्या सुरुवातीला सावलीतल्या उतारांवर बर्फ बऱ्याचदा शिल्लक असतो. आईला तेवढा पुरेल.

जून का म्हणते? तू मे महिना धरलास, रजा तेव्हाच मिळते म्हणून. पण मेमध्ये उंचावरच्या बऱ्याच पायवाटा बर्फाखाली असतात आणि काही केबल कार देखभालीसाठी बंद ठेवतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बर्फ वितळून धबधबे भरलेले असतात आणि रात्री नऊनंतरही उजेड असतो. साहेबांशी बोलून रजा पंधरा दिवस पुढे ढकलता येते का बघ. तारीख हलली नाही तरी मेच्या शेवटच्या आठवड्याच्या आधी जाऊ नकोस.

शहर एकच घे, बेर्न. दरीजवळच्या इंटरलाकेन गावाहून आगगाडीने तासाभराच्या आत. आरे नदीने तिन्ही बाजूंनी वेढलेलं जुनं गाव आहे, 1405 च्या आगीनंतर वालुकाश्मात पुन्हा उभं राहिलेलं, 1983 पासून जागतिक वारसा यादीत. तिथल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी कमानींचे ओटे आहेत, सगळे मिळून सुमारे सहा किलोमीटर. पाऊस आला तरी माणूस कोरडाच फिरतो. दुकानं, चहा, बसायला जागा, सगळं त्या कमानींखाली. बाबांना असं शहर आवडेल, जिथे कुठे पोचायची घाई नसते. सहा रात्री दरीत, चार बेर्नमध्ये. मधे एक दिवस लुझर्न करून संध्याकाळी परत.

पॅरिस सोडायचं तुझ्या जिवावर येईल, कळतं मला. अगदीच राहवत नसेल तर बेर्नच्या चार रात्री पॅरिसला दे, स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या बाझेलहून वेगवान गाडीने साधारण तीन तास लागतात. पण चारच. व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री त्याच देशाकडे करायचा असतो, त्यामुळे सहा-चार असं सरळ असलं की प्रश्न उरत नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यासाठी मुंबईत भेटीची वेळ मिळायला फार त्रास होतो, तेव्हा जानेवारीतच लाग. तिघांचा विमा प्रत्येकी किमान 30,000 युरोंचा हवा.

राहायला स्वयंपाकघर असलेली जागा घे. तांदूळ, दही, भाज्या तिथे मिळतात, गावातल्या कारंज्याचं पाणी पिण्यासारखं असतं. आई मेतकूट, भाजणी, गोडा मसाला नेईलच. तूप, पेढे आणि चक्का मात्र बॅगेतून काढून ठेव, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. विमानतळावर तिच्या डोळ्यांदेखत डबा फेकला जायला नको.

पैसे कमी पडले तर रात्री कमी कर, पण बेर्नच्या. चुनखडीचे सुळके बघायची हौस असेल तर ते मित्रांबरोबर, वेगळ्या वर्षी. व्हिएतनाममध्ये हनोईपासून शंभरेक किलोमीटरवर निन्ह बिन्ह आहे, डिसेंबरात हवा कोरडी असते आणि तिथल्या नावाडी बाया पायांनी वल्हं मारत भातशेतांमधून नेतात. खर्च युरोपच्या मानाने पुष्कळ कमी. पण तिथे बर्फ नाही, म्हणून या वेळी नको.

रविवारी सकाळी साडेसहाला तलावपाळीवर ये. बाबांना आण, तलावाला दोन फेऱ्या मारू, म्हणजे गुडघे कितपत साथ देतात ते कळेल. आणि आईलाही आण. माझ्याकडचा आल्प्सचा मोठा नकाशा घेऊन येते. बाकावर उलगडून तिच्यासमोर ठेवू. ती कुठे बोट ठेवते ते मला बघायचंय.

तुझी,
बाई