हद्दीच्या खटल्यात जनतेचा पैसा कुठे जातो?

हरीश साळवेंनी एका रुपयात केस लढवली, मग सीमावादांच्या खटल्यांत कोट्यवधी रुपये कसे जातात, असं तुम्ही विचारलंय. कुलभूषण जाधव खटल्यात त्यांनी एक रुपयाच घेतला, हे सुषमा स्वराज यांनीच 2017 मध्ये जाहीर केलं होतं. पण ती एका वकिलाची फी झाली, आणि तो वाद जमिनीचा नव्हता.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात कोर्ट फी नसते. न्यायालयाचा खर्च संयुक्त राष्ट्रं उचलतात. पैसा जातो तो जुने करार, नकाशे, दप्तरं धुंडाळण्यात, त्यांची भाषांतरं करून घेण्यात आणि वर्षानुवर्षं लागणाऱ्या वकिलांवर. गावच्या बांधाच्या दाव्यात जिंकलात तर समोरच्याकडून खर्च मागता तरी येतो. इथे न्यायालयाने वेगळं काही ठरवलं नाही, तर ज्याचा खर्च त्यानेच सोसायचा.

दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचंच घ्या. वस्ती जेमतेम आठ लाख. देशाचा दोन-तृतीयांश भाग असलेल्या एसेक्विबोवर शेजारचा व्हेनेझुएला हक्क सांगतो; सीमा ठरवणारा 1899 चा लवादाचा (त्या वादापुरत्या नेमलेल्या पंचांचा) निवाडाच त्याला मान्य नाही. गयानाने मार्च 2018 मध्ये दावा लावला. हा दावा न्यायालयाला चालवता येतो का, एवढंच ठरायला डिसेंबर 2020 आणि एप्रिल 2023 असे दोन निकाल लागले. मूळ प्रश्नाला हात घालण्याआधीच पाच वर्षं गेली, आणि वकील पहिल्या दिवसापासून कामाला.

एक्सॉनमोबिल या अमेरिकन तेलकंपनीने गयाना सरकारला तेलकरारापोटी 2016 मध्ये 1 कोटी 80 लाख डॉलर बोनस दिला होता. त्यातले 1 कोटी 50 लाख सरकारने या खटल्यासाठी राखून ठेवले. मला ही रक्कम मुळीच जास्त वाटत नाही. एवढा मुलूख सैन्याच्या बळावर राखणं त्या देशाला झेपलंच नसतं. संताप येतो तो लपवाछपवीचा. पैसे सरकारी तिजोरीत जमा न करता मध्यवर्ती बँकेत वेगळ्या खात्यात ठेवले, आणि डिसेंबर 2017 मध्ये एक सरकारी पत्र बाहेर फुटलं तेव्हा कुठे लोकांना कळलं. सरकारने कारण दिलं राष्ट्रीय सुरक्षेचं. युक्तिवाद गुप्त ठेवा, ते रास्तच आहे. पण रक्कम संसदेपुढे मांडली असती, तर व्हेनेझुएलाच्या हाती कोणता पुरावा लागला असता?

भारताचे आकडे हवे असतील तर परराष्ट्र मंत्रालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. वकिलांची फी, तज्ज्ञांचं मानधन आणि लवादाचा खर्च वेगवेगळा मागा. बांगलादेशबरोबरच्या सागरी सीमेचा निवाडा (2014) लवादाने दिला होता, आणि लवाद असला की निवाडा देणाऱ्यांचं मानधनही दोन्ही देशांच्याच खिशातून जातं.