दहा वाजले की जालना काय अन् संभाजीनगर काय

प्रश्न : माझा जालन्यात साउंडचा व्यवसाय आहे. गेल्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरला बीड बायपासवरच्या एका लॉनवर रिसेप्शनची सुपारी होती. ‘आपल्याकडे १२ पर्यंतची परवानगी आहे,’ असं लॉनमालकांनी सांगितलं होतं. पावणेअकराला पोलीस आले, साउंड बंद केला आणि मिक्सर, ॲम्प्लिफायर, दोन टॉप (स्पीकर) उचलून नेले. त्यांनी आवाज मोजलासुद्धा नाही. मुलीच्या वडिलांनी उरलेले पैसे अडवले. जालन्यात याच वेळेला आम्हाला कुणी टोकत नाही. दोन शहरांचे नियम एवढे वेगळे कसे? तक्रार कुणी केली ते कळेल का? सामान कसं सुटेल?
– एक वाचक, जालना

उत्तर : तुम्ही पाठवलेली पंचनाम्याची प्रत आणि लॉनमालकांनी दिलेला कागद, दोन्ही वाचले. आधी त्या कागदाबद्दल. त्यात ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द कुठेच नाही. ते जागेच्या वापराचं ना-हरकत पत्र आहे आणि त्यातली ‘रात्री १२ पर्यंत’ ही वेळ कार्यक्रमासाठी जागा वापरण्याची आहे. म्हणजे १२ पर्यंत पंगती उठवा, फोटो काढा, आवराआवर करा. साउंडची परवानगी वेगळी असते. ती संभाजीनगरात पोलीस आयुक्तालयाच्या यंत्रणेकडून लेखी घ्यावी लागते आणि ती हातात असली तरी उघड्यावर रात्री १० नंतर चालत नाही.

दोन शहरांचा नियम एकच आहे. तो महापालिकेने केलेला नसून केंद्र सरकारचा आहे : ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. बंद सभागृहाला सवलत आहे, पण चारी बाजूंनी कनात बांधून वर मंडप घातला म्हणून लॉनचं सभागृह होत नाही. हा युक्तिवाद अनेक जण करून बघतात. तुम्ही त्याच्या भरवशावर राहू नका.

मग जालन्यात वेगळं का वाटतं? मराठवाड्यात पोलीस आयुक्तालय फक्त संभाजीनगरला आहे. जालना, परभणी, नांदेड, लातूर इथे जिल्हा पोलीस अधीक्षक. अर्ज वेगळ्या टेबलावर जातो, परवानगीतल्या अटींची भाषा वेगळी असते, गस्तही कमी-जास्त असते. जालन्यात तुम्हाला कुणी टोकलं नाही, ही तिथली सूट समजू नका. तिथेही उद्या हेच होऊ शकतं.

खरा फरक पडू शकतो तो एकाच जागी. सणासमारंभांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. ते दिवस आधी जाहीर करावे लागतात आणि त्यातले काही ठरवणं जिल्हाधिकाऱ्यांवर सोपवलेलं असतं. त्यामुळे एखादी तारीख जालन्याच्या यादीत असेल आणि संभाजीनगरच्या नसेल. पण ही सवलत गणेशोत्सव, नवरात्र, जयंती अशा प्रसंगांसाठी आहे. लग्नाची तारीख त्या दिवशी आली म्हणून रिसेप्शनचा साउंड त्यात बसवणं धोक्याचंच.

आवाज मोजला नाही, हा तुमचा मुद्दा फारसा टिकणार नाही. १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालू असणं हाच भंग आहे. त्याला मीटर लागत नाही. मीटरचा प्रश्न १० च्या आधी येतो आणि तिथलं गणित तुमच्या धंद्याला माहीत हवं. दिवसा निवासी भागाची मर्यादा ५५ डेसिबल, व्यापारी भागाची ६५. खासगी जागेच्या हद्दीवर त्यापेक्षा ५ डेसिबलच जास्त चालतात, म्हणजे निवासी भागात लॉनच्या कंपाउंडपाशी ६०. दोन माणसं समोरासमोर बोलतात तो आवाज साधारण तेवढा. शिवाय १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, म्हणून ‘थोडंच जास्त होतं’ असं म्हणता येत नाही. बायपासला लॉन झाले तेव्हा आजूबाजूला मोकळं रान होतं. आता शेजारच्या सातारा-देवळाई परिसरात दाट वस्ती आहे. तुमचा भाग निवासी की व्यापारी, हे परवानगीच्या अर्जातच विचारून घ्या.

तक्रार कुणी केली ते शोधू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुंबईतल्या भोंग्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं आहे की तक्रारदाराची ओळख उघड न करता कारवाई करा. त्यामागे कारण आहे. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला, दहावीच्या पोराला, हृदयाचा त्रास असलेल्या म्हाताऱ्याला शेजारच्या लॉनमालकाशी भांडण परवडत नाही.

आता सामान. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच राज्यांना अशी साधनं जप्त करण्याची तरतूद करायला सांगितलं आहे, तेव्हा जप्तीच बेकायदा म्हणून भांडण्यात वेळ घालवू नका. पोलिसांना जप्तीचा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो. ठाण्यात जाऊन नोंदीचा क्रमांक आणि लावलेली कलमं लेखी मागा. मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज वकिलामार्फत करा. प्रकरण कोर्टात उभं राहिलं असेल तर कलम ४९७. पंचनाम्यात ‘काळ्या रंगाचा मिक्सर, नग १’ एवढंच लिहिलंय, सीरियल नंबर नाही. म्हणून खरेदीची बिलं आणि सामानाचे जुने फोटो जोडा, नाहीतर ‘हा तुमचाच कशावरून’ इथेच अर्ज अडकेल. कोर्ट सहसा बंधपत्र घेतं, सामान विकायचं नाही आणि बोलावलं की हजर करायचं, अशा अटी घालतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम ज्या पर्यावरण कायद्याखाली येतात, त्यात एप्रिल २०२४ पासून कैदेऐवजी दंड आहे, पण तो १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत जातो. नोटीस आली तर उत्तराची मुदत चुकवू नका.

पैशांचं म्हणाल तर १० नंतर वाजवण्याचं वचन कायद्याविरुद्ध होतं. करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे तेवढ्या भागाची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. १० पर्यंत वाजवलं त्याचे पैसे मात्र मागा, आधी साध्या पत्राने, मग नोटिशीने. लॉनमालकांचा ‘परवानगी आहे’ हा व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका. नुकसानीचा दावा त्यांच्यावर होऊ शकेल का, हे त्या मेसेजच्या शब्दांवर ठरेल. त्याचा स्क्रीनशॉट पाठवा.

पुढच्या सुपारीच्या पावतीवर ‘साउंड रात्री ९.५० ला बंद’ असं छापून घ्या, पार्टीची सही घ्या आणि पोलिसांची मूळ परवानगी बघितल्याशिवाय जनरेटर चालू करू नका, जालन्यातसुद्धा.