सतराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये जमिनीच्या वादात कोर्टाच्या निकालाला काही किंमत होती का?

प्रश्न असा विचारला आहे: 'सोळाव्या ते अठराव्या शतकात स्कॉटलंडमधल्या सरदार-जमीनदारांचे इस्टेटीवरून वाद व्हायचे, तेव्हा कोर्टाचा निकाल कोणी मानत होतं का, की ज्याची तलवार त्याची जमीन?'

मी तीस वर्षं दिवाणी वकिली केली. मुलगी एडिनबरोला असते. तिच्याकडे गेलो की नातवाला शाळेत सोडून जुन्या पार्लमेंट हाउसमध्ये, म्हणजे जिथे आता कोर्ट भरतं तिथे, चक्कर मारायची, ही सवयच झाली. तिथल्या भव्य लाकडी छताच्या दालनात वकील अजूनही जोडीजोडीने येरझाऱ्या घालत बोलतात, आपलं बोलणं तिसऱ्याच्या कानावर जाऊ नये म्हणून. त्या दालनाच्या ओढीने जे वाचत गेलो, त्यावर हे उत्तर.

निकालाला किंमत होती. फक्त ती निकालाच्या दिवशी हातात पडायची नाही. आमच्या धंद्यात हुकूमनामा झाला की पक्षकार पेढे वाटतो आणि वकील मनात म्हणतो, खरी लढाई दरखास्तीत, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करून घेण्यात. स्कॉटलंडमध्ये ही दरखास्त कधीकधी शंभर वर्षं चालायची, आणि तिच्यात माणसं मरायची.

आधी कोर्टाबद्दल. पाचव्या जेम्स राजाने १५३२ साली कोर्ट ऑफ सेशनला, म्हणजे तिथल्या वरिष्ठ दिवाणी कोर्टाला, पक्कं रूप दिलं. पंधरा न्यायाधीश, त्यांतले निम्मे सुरुवातीला धर्मगुरू. पुढे बहुतेक सगळे जमीनदार घराण्यांतले. न्यायाधीश झाल्यावर माणूस बहुधा आपल्या इस्टेटीचंच नाव लावायचा, हेन्री होमचा लॉर्ड केम्स झाला तो असाच. म्हणजे जमिनीचा वाद ऐकायला बसलेला माणूस स्वतः जमिनीच्या नावाने ओळखला जाणारा, आणि समोरच्या पक्षकाराशी त्याचं कुठून ना कुठून नातं निघणारच. म्हणून १५९४ मध्ये कायदा करावा लागला की बाप, भाऊ किंवा मुलगा पक्षकार असेल तर न्यायाधीशाने बसू नये. तेवढ्याने भागलं नाही, १६८१ मध्ये नात्यांची यादी वाढवावी लागली. यावरून काय ते समजा.

आता मालकी कशी सिद्ध व्हायची ते. ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, म्हणून जरा रेंगाळतो. सनद हातात असली तरी माणूस मालक होत नसे. प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन, साक्षीदार आणि नोटरीसमोर, देणाऱ्याच्या माणसाने घेणाऱ्याच्या हातात माती आणि दगड ठेवायचा. याला म्हणत सेझिन. गिरणी असेल तर माती-दगडाऐवजी गिरणीचं धान्याचं चाडं आणि त्याखालची खटखट वाजणारी पट्टी. मासेमारीचा हक्क असेल तर जाळं आणि होडी. मग नोटरी त्याचा लेख करायचा. हा नोटरीच फितवला की काय होत असेल, ते दिवाणी वकिलाला सांगायला नको! म्हणून १६१७ मध्ये सेझिनचं सार्वजनिक रजिस्टर सुरू झालं. साठ दिवसांत नोंद नाही केली, तर त्रयस्थ माणसापुढे तुमचा लेख कुचकामी. त्याच वर्षी दुसराही कायदा झाला: कागद आणि अखंड वहिवाट चाळीस वर्षांची असेल, तर मागचं काही उकरायचं नाही. त्या काळच्या युरोपात इतकी चांगली सार्वजनिक नोंदवही फार थोड्या देशांकडे होती.

थोडक्यात, कागदाची बाजू भक्कम होती. अडायचं ते ताब्यात.

हरलेल्याने निकाल मानला नाही, तर राजाच्या नावाने हुकूम निघायचा. मुदत टळली की सरकारी निरोप्या भर बाजारात, मर्केट क्रॉस नावाच्या खांबापाशी उभा राहून तीन वेळा शिंग फुंकायचा आणि तो माणूस बंडखोर ठरायचा. साध्या कर्जासाठीसुद्धा! त्याची जंगम मालमत्ता सरकारजमा. वर्ष आणि एक दिवस बंडखोर राहिला, तर जमिनीचं हयातभराचं उत्पन्नही गेलं. एवढ्यानेही न हलणाऱ्यासाठी प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे राजाचं सल्लागार मंडळ, 'आग आणि तलवारीचं फर्मान' द्यायची. हे मी अलंकारिक लिहीत नाही, त्या दस्ताचं नावच ते. जिंकलेल्या पक्षकारालाच त्यात फौज जमवून जमीन घ्यायची परवानगी मिळायची. बेलीफ नाही, पोलीस नाही, तूच जा आणि घे.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, लोखाबरमधल्या केपॉकच्या जमिनीचं असंच झालं. सनद मॅकिंटॉश घराण्याच्या प्रमुखाची, वस्ती पिढ्यान् पिढ्या मॅक्डोनल्ड मंडळींची. ते खंड देत नव्हते, आणि मेंढीच्या कातड्यावर लिहिलेल्या हक्काची टिंगल करत. मॅकिंटॉशने फर्मान मिळवलं, सोबत सरकारी तुकडी घेतली आणि ऑगस्ट १६८८ मध्ये मलरॉयच्या टेकडीवर चढाई केली. सपशेल हरला. सरकारी कप्तान मारला गेला, मॅकिंटॉश स्वतः पकडला गेला. क्लॅन म्हणजे घराण्याघराण्यांमधली शेवटची मोठी लढाई म्हणून इतिहासात तिची नोंद आहे. मला विचाराल तर ती इंग्लिश खाडीच्या पलीकडेही गाजावी अशी फसलेली दरखास्त होती. पण मॅक्डोनल्डांनी लढाई जिंकली म्हणून सनद काही त्यांच्या नावावर झाली नाही. कागदोपत्री जमीन मॅकिंटॉशचीच राहिली.

याच्या उलट गोष्ट मल बेटाची. इथे कागदच तलवार झाला.

मलच्या ड्यूअर्ट किल्ल्यात मॅक्लेन घराणं. १६५१ मध्ये इन्व्हरकीदिंगच्या लढाईत त्यांचा प्रमुख सर हेक्टर राजाच्या बाजूने लढताना कितीतरी माणसांसह पडला. घराण्यावर कर्जं होती, सरकारी देणी थकलेली होती. शेजारच्या आर्गाइलच्या मार्क्विसने, म्हणजे कॅम्पबेल घराण्याच्या प्रमुखाने, त्यांची कर्जं हळूहळू आपल्याकडे घेतली. गंमत पाहा, १६६१ मध्ये राजाने या मार्क्विसचं राजद्रोहाखाली डोकं उडवलं. पण येणी बुडली नाहीत. दोन वर्षांत मुलाला अर्ल म्हणून इस्टेट परत मिळाली, आणि मॅक्लेनांची कर्जंही त्याच्याकडे आली. राजासाठी मेले ते मॅक्लेन, आणि राजाच्याच कोर्टातून त्यांच्यावर हुकूम मिळवले ते आर्गाइलने.

इथे त्या काळची जप्ती समजून घ्यायला हवी. धनकोने हुकूमनामा मिळवला की ऋणकोची जमीन त्याच्या नावे लावून घेता यायची. कर्ज लहान असलं तरी सगळी इस्टेट अडकवायची वाईट प्रथा पडली होती. सोडवून घ्यायला पूर्वी सात वर्षं मिळत, १६६१ नंतर दहा. मुदत टळली की जमीन कायमची गेली. १६७२ मध्ये कायदा बदलला आणि कर्ज अधिक एक पंचमांश एवढ्याच किमतीची जमीन घ्यायची सोय झाली, पण मॅक्लेनांना त्याचा काय उपयोग? त्यात आर्गाइलचा अर्ल त्या सगळ्या मुलखाचा वंशपरंपरागत न्यायाधीश होता. सावकार तोच, न्यायाधीश तोच, फर्मान घेऊन येणाऱ्या फौजेचा सेनापतीही तोच. १६७४ मध्ये मॅक्लेनांचा प्रमुख वारला, वारस लहान मूल. त्याच वर्षी अर्ल फौजेनिशी बेटावर उतरला. झटापट पुढची कितीतरी वर्षं चालली. मधेच १६८१ मध्ये अर्ल स्वतःच राजद्रोही ठरला, सावत्र मुलीच्या नोकराचा वेश घालून एडिनबरोच्या किल्ल्यातून पळाला, आणि १६८५ मध्ये बापासारखाच त्याचाही शिरच्छेद झाला. मॅक्लेनांना वाटलं असेल, सुटलो. पण १६८९ मध्ये राजा बदलला, कॅम्पबेल परत वर आले, मॅक्लेन पुन्हा हरणाऱ्या राजाच्या बाजूला. थोड्याच वर्षांत ड्यूअर्ट किल्ला आर्गाइलच्या हवाली झाला. दोन धनको फासावर नसले तरी कुऱ्हाडीखाली गेले, आणि हुकूमनामा तरीही वसूल झाला.

असं घडत असताना जमीनदार स्वस्थ बसले नव्हते. सावकाराचा हात पोहोचूच नये म्हणून त्यांनी इस्टेट बांधून टाकायची युक्ती काढली: वारसाने विकायचं नाही, कर्ज काढायचं नाही, वारसाक्रम बदलायचा नाही, आणि मोडला नियम तर त्याचा हक्कच संपला. याला टेली म्हणतात. स्पेलिंगमध्ये मधे एक झेड आहे, तो उच्चारायचा नाही. हे वैध आहे का? १६६२ मध्ये स्टॉरमाँटच्या खटल्यात कोर्टाने सावकारांच्या विरुद्ध जाऊन 'आहे' म्हटलं. स्टेअरसारख्या मोठ्या कायदेपंडितालाही या प्रकाराचं प्रेम नव्हतं. १६८५ मध्ये कायदाच झाला, स्वतंत्र रजिस्टरसकट. शंभर वर्षांत देशातली बरीच जमीन अशी बांधली गेली, आणि मग कोर्टाने दुसऱ्या बाजूने बदला घेतला असं मला वाटतं: टेलीचा शब्द न् शब्द कडक वाचायचा. विक्रीबंदी नीट लिहिली नसेल, तर वारस विकायला मोकळा. लॉर्ड केम्स तर या पद्धतीचा उघड वैरी होता.

टेली असो नसो, जमीन थोरल्या मुलाला. धाकट्यांनी सैन्य, वकिली, नाहीतर हिंदुस्थान गाठायचं. पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा असाच एका स्कॉटिश लॉर्डचा चौथा मुलगा.

कोर्टाचा निकाल कायम असायचा का, असंही तुमच्या प्रश्नात दडलेलं आहे. नेहमी नाही. लव्हटच्या फ्रेझरांचं पाहा. १६९६ मध्ये लॉर्ड मुलगा नसताना वारला. दूरचा वारस सायमन फ्रेझर याने १६९७ मध्ये त्याच्या विधवेशी जबरदस्तीने लग्न लावलं आणि राजद्रोही ठरून पळाला. १७०२ मध्ये कोर्टाने हक्क वारलेल्या लॉर्डच्या मुलीला, अमेलियाला, दिला. १७१५ मध्ये पदच्युत स्टुअर्ट राजघराण्यासाठी झालेल्या बंडात अमेलियाचा नवरा बंडखोरांकडे गेला, तर सायमन सरकारच्या बाजूला उभा राहिला. १७३० मध्ये त्याच कोर्टाने किताब सायमनचा ठरवला. उरलेला वाद १७३३ मध्ये पैसे देऊन मिटला. चौदा वर्षांनी सायमनचंही डोकं राजद्रोहाखाली लंडनच्या टॉवर हिलवर उडालं आणि इस्टेट सरकारजमा झाली.

डग्लस इस्टेटीचा खरा वारस कोण यावरचा डग्लस खटला, पॅरिसमधली ती जुळी मुलं, १७६७ चा काठावरचा निकाल आणि दोन वर्षांनी हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फिरवणं, हे एका परिच्छेदात मावणार नाही. वेगळा प्रश्न टाका, लिहीन.

१७४७ मध्ये वंशपरंपरागत न्यायाधिकार संसदेने रद्द केले. तेव्हा आर्गाइलच्या ड्यूकला भरपाई मिळाली २१,००० पौंड, कारण न्यायाधीशपण ही त्याची मालमत्ताच होती.

ओबानहून मलला जाणारी बोट ड्यूअर्टच्या अगदी जवळून जाते. मॅक्लेनांच्या हातून गेल्यावर किल्ला पुढे पडका झाला, छप्पर उडालं. १९११ मध्ये सर फिट्झरॉय मॅक्लेन यांनी तो परत घेतला, रीतसर खरेदी करून. अशा खरेदीची नोंद तेव्हाही १६१७ च्या त्याच सेझिन रजिस्टरात करावी लागत असे.